बापूची पिसं मोजताना

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉल झाडत होते, तर केरसुणीपुढे करड्या पिसांचा एवढाला पुंजका गोळा झाला. पिसं झडायचे दिवस असतील म्हणून सुपलीत भरून टाकून दिला. तीन-चार दिवसांनी गौरी गेल्या, पाहुणे पांगले आणि मग पिंजऱ्याकडे नीट लक्ष गेलं. बापूच्या छातीवर रुपयाएवढी जागा उघडी पडली होती. सोललेल्या कोंबडीसारखी, गुलाबी, बारीक दाण्यांची कातडी. मी बघत असतानाच त्याने मान खाली घातली, एक पीस चोचीत धरलं आणि खस्सकन ओढून काढलं. मग ते शांतपणे चघळत बसला.

बापू म्हणजे आमचा आफ्रिकन ग्रे पोपट. अंग राखाडी, शेपूट लालभडक. आपल्याकडे घरोघरी दिसणारा हिरवा, गळ्यात कंठी असलेला मिठू तो हा नव्हे. तो मिठू पाळायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. बापू माझ्या भावाने सुरतहून आणला, लेक आठवीत असताना. हे पक्षी चाळीस-पन्नास वर्षं जगतात हेही तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या अमळनेरच्या घरात वाढल्यामुळे त्याची भाषा सासूबाईंची, म्हणजे अहिराणी आहे. दाराची बेल वाजली की ओरडतो, "कोन उना?" म्हणजे कोण आलं? दुपारी एकटा असला की स्वतःलाच विचारतो, "जेवना का?" कुकरची शिट्टी तर अशी हुबेहूब काढतो की मी दोनदा गॅस बंद करायला धावले आहे.

२०२३च्या ऑगस्टमध्ये लेक इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि सप्टेंबरात पिसांचं हे सुरू झालं. मग कारण शोधायला कितीसा वेळ लागणार? सासूबाईंनी पिंजऱ्यापाशी उभं राहून निकाल दिला, "त्याले पोऱ्यानी याद ई ऱ्हायनी." म्हणजे त्याला पोराची आठवण येतेय. आम्हाला सगळ्यांना ते पटलं. नुसतं पटलं नाही, आवडलं. मी शाळेच्या स्टाफरूममध्ये ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली की ऐकणाऱ्या बाईंचे डोळे कुठल्या वाक्याला पाणावणार हे मला पाठ झालं. मुका जीव, त्याचं प्रेम, त्याचा विरह. आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं, गोष्ट एवढी सुरेख नसती तर आम्ही तीन महिने आधी डॉक्टरकडे गेलो असतो.

विरहावर औषध म्हणून आम्ही रोज रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल सुरू केला. मोबाइल पिंजऱ्याला टेकवायचा, लेक तिकडून "बापू, बापू" करायचा, आम्ही चौघं पिंजऱ्याभोवती कोंडाळं करून बसायचो. बापू स्क्रीनवर चोच आपटायचा. कॉल संपला की आम्ही म्हणायचो, बघा, कसा खुलला!

बाकीचे उपायही चालू होतेच. पक्षी विकणाऱ्या एका दुकानदाराने न बघताच उवा-गोचिडांचं निदान केलं आणि फवाऱ्याची बाटली दिली. दोनदा मारली. दोन्ही वेळा बापू तासभर पंख झटकत राहिला आणि दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये पिसं जास्तच पडली. सासऱ्यांनी कडुनिंबाचा रस सुचवला, म्हणजे कडू लागेल आणि सोडून देईल. झालं उलटंच. अंगाला काहीतरी चिकटलंय म्हटल्यावर तो ते साफ करायला दिवसभर चोचच मारत बसला. शेजारच्यांनी तिखटाचं पाणी लावायला सांगितलं. त्याला मात्र मी हसले, कारण बापू लवंगी मिरच्या बडीशेपेसारख्या खातो. मिरचीतलं जे द्रव्य आपल्या जिभेला आग लावतं ते पक्ष्यांना जाणवतच नाही.

नोव्हेंबर संपता संपता छाती पूर्ण उघडी झाली, मांड्याही. एका संध्याकाळी त्याने पंखातलं नुकतं उगवणारं पीस तोडलं. अशा कोवळ्या पिसाच्या नळीत रक्त वाहत असतं. पाहता पाहता पिंजऱ्याच्या गजांवर, भिंतीवर, माझ्या हातावर रक्ताचे शिंतोडे. मी तर रडायलाच लागले. सासूबाईंनी डब्यातला मैदा चिमटीत घेतला, तुटल्या जागी दाबून धरला आणि पाच मिनिटं हलू दिलं नाही. रक्त थांबलं. पुढे डॉक्टर म्हणाले, आजींनी अगदी बरोबर केलं.

पक्ष्यांमधला जाणकार डॉक्टर आमच्या गावात नाही. इथले डॉक्टर गाई-म्हशींचे. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, हे माझं काम नव्हे, नाशिकला न्या. डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे निघालो. धुळे, मालेगाव, चांदवड करत दोनशे किलोमीटरच्या आसपास जायचं. पिंजऱ्याऐवजी लहान कॅरियर, त्यावर सुती चादर, तिला एका बाजूने फट. चांदवडपाशी थंडी वाजत होती तेव्हा चादरीखालून आवाज आला, "कोन उना?" यांनी गाडी बाजूला घेतली आणि आम्ही दोघं किती दिवसांनी हसलो.

डॉक्टरांनी पहिल्यांदा बापूला हातच लावला नाही. दहा मिनिटं नुसतं बघत बसले. मग म्हणाले, "ताई, डोकं बघा त्याचं." डोक्यावरची पिसं जागच्या जागी, अगदी तुकतुकीत. पोपट पायाने डोकं खाजवू शकतो, पण स्वतःच्या डोक्यापर्यंत त्याची चोच पोहोचत नाही. डोक्यावरचीही पिसं गेली असती तर आजार किंवा दुसऱ्या पक्ष्याची चोच, असा संशय घ्यावा लागला असता. डोकं शाबूत आणि मानेखाली सगळं उजाड, म्हणजे हा स्वतःच उपटतोय. मात्र का उपटतोय, हे त्यावरून कळत नाही. आत काही दुखत असलं, खाजत असलं तरीही पक्षी हेच करतो. म्हणून आधी तपासण्या, मग मनाचं बघू.

मानेतल्या शिरेतून रक्त घेतलं. विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पीबीएफडी नावाचा चोच आणि पिसं खराब करणारा एक विषाणूजन्य आजार असतो, त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवला. एक्स-रे काढला, कारण पोपट गजावरचं जस्त, कुलपाचा तुकडा, काहीही कुरतडून गिळतात आणि ते धातू अंगात भिनतात. उवा, गोचीड, काही नव्हतं. पिंजऱ्यात राहणाऱ्या पोपटाला ती भानगड फार क्वचित असते म्हणे. आमची दोनशे रुपयांची बाटली मी मनातल्या मनात त्या दुकानदाराच्या डोक्यावर रिकामी केली.

मग खाण्याची चौकशी. मी अभिमानाने सांगितलं, सूर्यफुलाच्या बिया, भरपूर, कधी कमी पडू देत नाही. डॉक्टरांनी चष्मा काढला. बापूचं वजन ५३० ग्रॅम भरलं होतं, छातीचं हाड चरबीखाली दडलेलं. सूर्यफुलात तेल भरमसाट, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व जवळपास नाहीच. आणि ग्रे जातीचे पोपट कॅल्शियम कमी पडण्याबद्दल तर प्रसिद्धच. पुढच्या आठवड्यात अहवाल आले तेव्हा विषाणू नाही, जंत नाहीत, धातू नाही, पण कॅल्शियम खालच्या टोकाला. त्वचा कोरडी, खाज सुटेल अशी.

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. आम्ही लेकाची गोष्ट सांगून झालो होतो, मी डोळेही पुसले होते. ते म्हणाले, "मुलगा गेला हे समजलं. त्या आठवड्यात घरात अजून काय काय बदललं?"

यांनी माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे. लेक गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही पिंजरा त्याच्या खोलीतून हलवून हॉलमध्ये आणला होता. एकटा पडू नये म्हणून. लेकाच्या खोलीला पूर्वेची खिडकी, बाहेर कडुनिंब, साळुंक्या, खारी. तिथे संध्याकाळी सातलाच अंधार व्हायचा. हॉलमध्ये पिंजरा टीव्हीशेजारी, दाराच्या तोंडावर, ट्यूबलाइट रात्री अकरापर्यंत चालू. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उकाड्यात कूलरचा झोत थेट त्याच्या अंगावर. मागच्या बाजूला स्वयंपाकघर, म्हणजे काळा मसाला भाजायचा दिवस असो की भरताचं वांगं, सगळा धूर तिकडे. पोपटाला दहा-बारा तासांची शांत झोप लागते. बापूला मिळत होते सहा. लेक गेला आणि पाठोपाठ खिडकी गेली, ऊन गेलं, झाड गेलं, झोप गेली, आणि आम्ही यातलं फक्त लेकाचं जाणं मोजलं होतं, कारण ते आमचंही दुःख होतं.

औषध म्हणाल तर कॅल्शियमचं पातळ औषध, बस्स. गळ्यात घालायचा तो कॉलर मी मागितला होता. डॉक्टरांनी नाही म्हटलं. कातडी फाडून जखमा करायला लागला तरच, कारण कॉलर उपटणं थांबवतो, उपटावंसं वाटणं थांबवत नाही, आणि पक्षी त्याने अजून बिथरतो. त्याऐवजी त्यांनी मला एक वही घालायला लावली.

ती दोनशे पानी वही अजून चालू आहे. रोज सकाळी ट्रेमधला कागद काढायचा आणि पिसं मोजायची. तीन रकाने. गळलेलं, म्हणजे अखंड आणि देठाचं टोक स्वच्छ, ते नैसर्गिक. उपटलेलं, म्हणजे देठाला ओल किंवा रक्ताचा ठिपका. कुरतडलेलं, म्हणजे नळी चावून फाटलेली. शेजारी काल घरात काय झालं ते. सुरुवातीला मला हे मास्तरकीचं काम वाटलं, आणि मी मास्तरीण असूनही कंटाळा आला. पण तिसऱ्या आठवड्यात आकडे बोलायला लागले. सोमवार ते शनिवार पंचवीस-तीस पिसं. रविवारी दहा-बारा. रविवारी काय वेगळं? रविवारी लेकाचा मेसऐवजी मित्रांबरोबर बाहेर जेवायचा बेत असायचा, म्हणून कॉल नसायचा.

आम्ही दोन रात्री मुद्दाम अंधारात बसून पाहिलं. कॉल संपला, दिवे गेले, आणि दहा मिनिटांत खस्स, खस्स. आवाज आहे पण माणूस नाही, साडेनऊला झोपमोड, पाच माणसांचा गलका आणि मग एकदम सामसूम. म्हणजे सासूबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. त्यावर आम्ही शोधलेला उपाय मात्र रोज रात्री जखमेवर मीठ चोळत होता. लेकाला हे सांगणं माझ्या जिवावर आलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग मला फक्त तुम्हीच करा फोन, स्वयंपाकघरातून."

पिंजरा परत खिडकीत गेला. खिडकी उघडून सकाळचं कोवळं ऊन, कारण काचेतून येणाऱ्या उन्हात त्याला लागणारे अतिनील किरण येत नाहीत. अर्ध्या भागावर सावली. सात वाजता चादर. नॉनस्टिक तवा घरातून हद्दपार केला. तो जास्त तापला तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो हे ऐकल्यावर मला तो तवा घरात बघवेना.

सगळ्यात अवघड निघालं ते आमचं स्वतःचं तोंड आवरणं. बापूने पीस ओढलं की घरभर "अरे नको रे बापू!" असा ओरडा व्हायचा, कुणीतरी धावत यायचं, बी द्यायचं. त्याच्या दृष्टीने हिशेब सरळ होता, पीस ओढलं की माणूस येतो. डॉक्टरांनी बजावलं होतं, उपटत असताना ढुंकून बघायचं नाही, आणि शांत खेळत असताना जाऊन बोलायचं. सासूबाईंना हे क्रूर वाटलं. त्यांना अजून एक गोष्ट सोडावी लागली. त्या त्याच्या पाठीवरून, पंखांखालून हात फिरवायच्या. वयात आलेल्या पोपटाला त्या स्पर्शाचा अर्थ जोडीदार असा लागतो आणि तो चेकाळतो, चिडचिडतो. कुरवाळायचं तर फक्त डोकं आणि मान. हे त्यांना समजावून सांगताना सुनेची जी काही त्रेधा उडाली ती सांगत नाही.

खाणं बदलायला अडीच महिने लागले. पोपटाला एकदम उपाशी ठेवून सुधारता येत नाही, तो हट्टाने उपाशी राहून दगावू शकतो. म्हणून रोज सकाळी वाणसामानाच्या डिजिटल काट्यावर वजन, आणि सूर्यफूल चिमटी-चिमटीने कमी. पेलेट्स, म्हणजे पोपटांचं तयार गोळ्यांसारखं खाणं, त्याने पहिले वीस दिवस पाण्यात बुडवून फेकले. मग मी ते त्याच्यासमोर स्वतः खाल्ल्याचं नाटक केलं, तेव्हा माझ्या हातातून हिसकावून घेतला. शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, मेथी, कोथिंबीर. दादर ज्वारीचं हिरवं कणीस मिळालं की सणच. अॅव्होकाडो, चॉकलेट, कांदा-लसूण, खारट फरसाण बंद. त्यातलं फरसाण सासरे चोरून द्यायचे, ते वहीत पकडलं गेलं.

जंगलातला पोपट दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात घालवतो. आमच्या बापूला वाटीत सगळं आयतं मिळायचं, दहा मिनिटांत पोट भरलं की उरलेला दिवस चोचीला काम काय? चोच मग छातीकडे वळते. यांचे मित्र चोपड्याकडून केळीची सोपटं आणून देतात. धुऊन, वाळवून त्यांच्या घड्यांत ज्वारीचे दाणे खोचायचे. मक्याच्या कणसाची पानं, पेरूच्या फांद्या, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या सुरळ्या. माझ्या चौथीच्या वर्गाचे पेपर फाडण्यात तो जो रस घेतो तो मुलांनी लिहिताना घेतला असता तर! पऱ्हाटीच्या काड्या कुणीतरी देऊ केल्या होत्या, त्या नको म्हटलं. कपाशीवर किती फवारण्या होतात ते आम्हाला माहीत आहे.

आणि पाणी. हा पक्षी मूळचा आफ्रिकेतल्या दमट जंगलातला, आणि आमच्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीसच्या घरात, हवा भट्टीतल्यासारखी कोरडी. कपडे इस्त्री करताना पाणी मारतो तो फवारा घेऊन रोज सकाळी साधं पाणी, वरून पावसासारखं. पहिल्या दिवशी तो कोपऱ्यात दबला. आठव्या दिवशी पंख पसरून उलटा लटकला. कूलर आता चालतो, पण झोत भिंतीकडे.

मार्चमध्ये छातीवर पांढरट लव दिसली. जूनपर्यंत करडी पिसं. वजन ४८०वर आलं. वहीत उपटलेल्याच्या रकान्यात कधी पाच, कधी दोन. त्याच वर्षी असे परदेशी पक्षी पाळणाऱ्यांसाठी नवे नियम आले म्हणून सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची रीतसर नोंदही केली. मी डॉक्टरांना फोटो पाठवले आणि लिहिलं, बरा झाला. त्यांचं उत्तर आलं, "दिवाळी जाऊ द्या."

२०२४च्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री गल्लीत सुतळी बॉम्ब लागले. खिडकी बंद, चादर दुहेरी, मी खोलीत त्याच्याशेजारी बसलेली. सकाळी ट्रेमध्ये ८७ पिसं. कित्येक महिन्यांचं उगवलेलं एका रात्रीत उतरवलं होतं. मी वही बंद करून चार दिवस उघडली नाही.

लेक भाऊबीजेपर्यंत घरीच होता. मला मनातून वाटत होतं, आता हा आलाय तर बापू सावरेल. बापू त्याच्या खांद्यावर बसला, कानाची पाळी चावली, "जेवना का?" विचारलं, आणि मग तिथेच, त्याच्या खांद्यावर बसून, छातीतून दोन पिसं उपटली. लेक माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, बघू नको तिकडे, पेपर दे त्याला फाडायला.

यंदाच्या दिवाळीला आम्ही पाच दिवस त्याला घेऊन यांच्या मळ्यातल्या घरी गेलो. छातीवरची पिसं पुन्हा आली आहेत, बरीचशी. उजव्या मांडीवर तळहाताच्या मध्याएवढी जागा अजून उघडीच आहे. तिथे इतक्या वेळा उपटलंय की मुळंच मेली असावीत, डॉक्टर म्हणतात तिथे आता येणार नाही. अजून कधीतरी, लाइट गेली किंवा अनोळखी पाहुणे राहिले की, चार-सहा पिसं निघतात. आम्ही बघत नाही.

परवा सकाळी ट्रेमध्ये एकच पीस होतं. शेपटीचं, लाल, वीतभर नाही पण बोटभर लांब. देठाचं टोक कोरडं, स्वच्छ. सासूबाईंनी ते उचललं, पदराला पुसलं आणि देव्हाऱ्यात मोरपिसाशेजारी खोचलं. मी वहीत लिहिलं, एक, गळलेलं.